निश्चयाला जामीन

ज्या रोगाचे नाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात मरणाखेरीज दुसरा विचार येत नसे, ज्याची पहिली नोंद १९८१ च्या जून महिन्यात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या असाधारण न्यूमोनियाच्या रूपाने अमेरिकेच्या एका सरकारी साप्ताहिकात झाली, आणि ज्याच्यावर पुढील पंधरा वर्षे वैद्यकशास्त्राला ठाम उत्तर सापडले नाही, त्या एड्सच्या विषाणूला १९९६ च्या सुमारास अनेक औषधांच्या एकत्रित योजनेने जखडून टाकले, तेव्हा मरणाची निरवानिरव करून बसलेल्या सहस्रावधी माणसांच्या हाती अकस्मात् आयुष्य परत आले. परत आलेल्या त्या आयुष्याचे करायचे काय, हा प्रश्न त्या आनंदाच्या घटकेला गौण वाटला असेल. पण आज तो गौण राहिलेला नाही. डेन्मार्कमध्ये मारी हेलेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, औषधोपचार नीट मिळणाऱ्या एचआयव्हीबाधित माणसाच्या आयुष्यातून विषाणू सुमारे पाच वर्षे हिरावून घेतो, आणि तो माणूस धूम्रपान करीत असेल तर ते व्यसन सुमारे बारा वर्षे हिरावून घेते. अमेरिकेत २००९ साली एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्या प्रौढांपैकी ४२ टक्के माणसे सिगारेट ओढीत होती. सर्वसामान्य प्रौढांत हे प्रमाण त्याच्या निम्मे होते. २०१७ साली तेथील संशोधकांनी गणित मांडून दाखविले की, जो एचआयव्हीबाधित मनुष्य आपल्या गोळ्या नियमितपणे घेतो आणि सिगारेटही ओढतो, त्याला एड्सने मरण येण्यापेक्षा फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याचा संभव सहा ते तेरा पटींनी अधिक असतो.

आता अशा माणसाकडे सिगारेट सोडण्याचा उपदेश घेऊन जाणाऱ्याने आधी त्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे, आणि ती ऐकताना हातातली उपदेशाची पोथी मिटून ठेवली पाहिजे. ज्याला तज्ज्ञांनी दोन वर्षांची मुदत दिली होती, त्याने वीस वर्षांनी होणाऱ्या कर्करोगाची धास्ती का बाळगावी? ज्याचे मित्र एकामागून एक गेले, ज्याला घरच्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवले, ज्याच्या रोगाला काही धर्मोपदेशकांनी व्यासपीठावरून ईश्वरी शासन म्हणून जाहीर केले, त्याच्याजवळ रात्री-अपरात्री टिकून राहिलेली सोबत जर त्या पेटत्या काडीचीच असेल, तर ती हिरावून घेण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? माझ्या मते ही सबब नाही; हा खरा आक्षेप आहे, आणि त्याला तितकेच खरे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्याच्या माथी एकवार पापाचा शिक्का मारला गेला आहे, त्याच्या हिशेबात तंबाखूचे आणखी एक पाप टिपून ठेवणे हे धर्मकृत्य होऊ शकत नाही. परंतु ह्याच माणसांना विचारले असता त्यांच्यातले बहुसंख्य सांगतात की, सिगारेट सुटावी अशी त्यांची स्वतःचीच इच्छा आहे. म्हणजे आपण त्यांच्यावर लादायला निघालेली ही कोणा परक्याची इच्छा नव्हे. ती त्यांच्या अंतःकरणात आधीपासूनच आहे, आणि तिच्या शेजारी तिची वैरीण असलेली दुसरी इच्छाही त्याच घरात नांदते आहे.

एकाच अंतःकरणात दोन इच्छा, आणि जिला आपण आपली म्हणतो तीच ऐन वेळी हरते, ही अवस्था मनुष्यजातीला नवी नाही. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन नेमके हेच विचारतो: मनुष्याची इच्छा नसतानाही, जणू कोणी बळाने जुंपल्याप्रमाणे, तो कोणाच्या प्रेरणेने पाप करतो? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या खंडात, हित कशात आहे हे जाणणारा मनुष्य ते जाणत असतानाच त्याच्या विरुद्ध कसा वागतो, ह्याचा सूक्ष्म ऊहापोह केला आहे. आणि इसवी सन ३८६ मध्ये मिलान येथील एका बागेत स्वतःशी झुंजत असलेल्या ऑगस्टीनने पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले की, मनाने हाताला आज्ञा केली तर हात तत्काळ हलतो, परंतु मनाने मनाला आज्ञा केली तर ते आज्ञा पाळीत नाही, ही केवढी विलक्षण गोष्ट आहे. ह्या तिघांचे देश, काळ आणि दैवते भिन्न होती, तरी तिघांच्याही दृष्टीला एकच गोष्ट पडली आहे: ज्ञान आणि आचरण ह्यांच्या मध्ये एक अरुंद जागा असते, आणि मनुष्याचा पराभव त्या जागेत होतो.

ह्या अरुंद जागेचे वर्णन आजचे शरीरविज्ञान अधिक काटेकोरपणे करू शकते. ओढलेल्या धुरातले निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, आणि इतक्या त्वरेने मिळणाऱ्या सुखाची सवय मेंदू सहजी विसरत नाही. तलफ येते ती मात्र अखंड राहत नाही. ती चढते, काही मिनिटे टिकते आणि उतरते. तेवढी मिनिटे निभावली तर ती एक लढाई जिंकलेली असते. आता ही मिनिटे येतात कोठे? जेवण उरकल्यावर अंगणात, बसची वाट पाहताना थांब्यावर, कोणाशी शब्दाला शब्द वाढल्यावर, दोन वाजता झोप उडालेल्या अंथरुणात. तेथे वैद्य नसतो, पुरोहित नसतो, ग्रंथ असला तरी उघडला जात नाही. नीतिशास्त्राने शतकानुशतके ज्या स्थळाचा विचार केला, त्या स्थळी नीतिशास्त्रज्ञ स्वतः कधीच हजर नव्हता. स्मार्टफोन तेथे असतो. तो खिशात असतो, उशाशी असतो. त्याच्या बाजूने जो काही तात्त्विक दावा करता येईल तो माझ्या समजुतीप्रमाणे एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

ह्या दाव्याची परीक्षा टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात झाली, आणि तिची हकीकत थोड्या विस्ताराने सांगण्याजोगी आहे. तेथील थॉमस स्ट्रीट क्लिनिक हे १९८९ साली केवळ एचआयव्हीच्या रुग्णांसाठी स्वतंत्रपणे उघडलेले सार्वजनिक चिकित्सालय. ते ज्या इमारतीत सुरू झाले ती १९११ साली रेल्वे कंपनीने आपल्या कामगारांच्या इस्पितळासाठी बांधलेली होती. तेथे येणारे रुग्ण बहुतांशी गरीब, अनेक वंशांचे. कित्येकांचा पत्ता वारंवार बदले, कित्येकांकडे घरचा दूरध्वनी नसे, आणि समुपदेशनासाठी पुनःपुन्हा चिकित्सालयात यावे तर वाहनाची सोय नसे. एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील डेमन व्हिड्राइन, एलन ग्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचण ओळखून रुग्णांच्या हाती आगाऊ पैसे भरलेले मोबाइल फोन दिले, आणि ठरल्या वेळी समुपदेशकाने आपण होऊन त्यांना फोन करावा अशी तजवीज केली. पहिला प्रयोग ९५ जणांचा. त्याचा वृत्तान्त २००६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने आशा उत्पन्न केली. मागाहून झालेल्या मोठ्या प्रयोगात ४७४ जण सामील झाले. अर्ध्यांना नेहमीप्रमाणे वैद्याचा सल्ला, वाचावयाची पुस्तिका आणि निकोटिनच्या पट्ट्यांची माहिती मिळाली; उरलेल्यांना ह्याखेरीज तीन महिन्यांत अकरा वेळा तो फोन येत गेला. तीन महिन्यांच्या अखेरीस दोन गटांतला फरक ठळक होता: फोन येणाऱ्यांपैकी कितीतरी अधिक माणसांनी सिगारेट सोडली होती. मग फोन थांबले. सहाव्या महिन्यापर्यंत, आणि पुढे बाराव्या महिन्यापर्यंत, तो फरक ओसरत गेला.

ह्या ओसरण्याचा अर्थ काय लावावा, ह्यावरच ह्या विषयाचे सारे तत्त्वज्ञान अवलंबून आहे असे मला वाटते. एक अर्थ सहज सुचतो आणि तो कठोर आहे. तो असा की, ज्या निश्चयाला बाहेरून टेकू लागतो तो निश्चय त्या मनुष्याचा नव्हेच. टेकू काढताच तो कोसळला ह्यावरून त्याचे परकेपण सिद्ध झाले. इमॅन्युएल कांटने १७८५ साली नीतीचा जो पाया घातला, त्याप्रमाणे मनुष्याची प्रतिष्ठा ह्यात आहे की, त्याची बुद्धी स्वतःला नियम घालून देते आणि तो स्वतःच्याच नियमाला बांधला जातो. आपल्याकडेही आत्म्याने आत्म्याचा उद्धार करावा ह्या गीतेतील उपदेशाचा आधार घेऊन पुष्कळ सात्त्विक माणसे असेच म्हणतील. परंतु हा उपदेश कोणत्या प्रसंगी झाला ते विसरून चालणार नाही. तो ऐकणारा वीर एकटा नव्हता. सांगणारा त्याच्या रथावर, त्याच्या पुढ्यात, घोड्यांचे लगाम हाती धरून बसलेला होता. आणि थोड्याच श्लोकांनंतर जेव्हा अर्जुनाने हे मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे अशी तक्रार केली, तेव्हा सारथ्याने ती नाकारली नाही, उलट मान्य केली आणि अभ्यासाचा व वैराग्याचा मार्ग दाखविला. स्वावलंबनाचा हा थोर उपदेश जगाला एका सोबत्याच्या तोंडून मिळाला आहे. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथाची रचनाही ह्या दृष्टीने मननीय आहे: ज्या सातव्या खंडात त्याने दुर्बळ इच्छेचा विचार केला, त्याच्या लगेच पुढचे दोन खंड त्याने मैत्रीला वाहिले, आणि त्याआधीच एके ठिकाणी त्याने म्हणून ठेवले आहे की, मित्रांच्या साहाय्याने जे आपल्याला शक्य होते ते एका अर्थी आपल्यालाच शक्य असते. मिलानच्या त्या बागेतही ऑगस्टीनचा मित्र ॲलिपियस त्याच्यापासून फार दूर नव्हता.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली म्हणजे मद्यमांस सुटते, ते त्या मण्यांच्या अंगी काही औषधी गुण असल्यामुळे नव्हे. माळ घालणारा गावासमोर, फडासमोर, विठ्ठलासमोर बोललेला असतो, आणि पुढे त्याच्या निश्चयाला ही सारी मंडळी जामीन राहतात. एखादा इसम कर्ज काढतो तेव्हा परतफेडीचा वायदा त्याचा स्वतःचाच असतो. जामीन राहणारा तो वायदा आपल्या नावावर करून घेत नाही, तो फक्त वायद्याला पत देतो. ह्यूस्टनच्या त्या रुग्णांचे तसेच झाले. सिगारेट न पेटविण्याचे काम प्रत्येक वेळी त्यांच्याच हातांनी केले. फोनवरच्या माणसाने त्यांच्या शब्दाला पत दिली; आणि ज्यांचा शब्द कोणी फारसा धरीत नव्हता, त्यांना ही पत किती मोलाची वाटली असेल ह्याची कल्पना करता येते.

दूरध्वनी आणि व्यसनमुक्ती ह्यांचा संबंध तसा जुना आहे. १९३५ च्या मे महिन्यात ओहायो राज्यातील ॲक्रन गावी, धंद्यातला बेत फसल्याने खचलेला बिल विल्सन मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात उभा होता. एका बाजूला दारूचा गुत्ता, दुसऱ्या बाजूला दूरध्वनी. त्याने स्थानिक धर्मोपदेशकांना फोन लावण्यास आरंभ केला, आणि विचारणा अशी केली की, आपल्या माहितीत एखादा दारूच्या आहारी गेलेला मनुष्य आहे का, मला त्याच्याशी बोलायचे आहे. त्या खटपटीतून त्याची डॉक्टर बॉब स्मिथ ह्यांच्याशी गाठ पडली आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना जन्मास आली. ह्या प्रसंगात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते हे की, त्याने मदत मागण्यासाठी फोन केला नव्हता. स्वतः तरून जायचे तर दुसऱ्या बुडणाऱ्याला हात दिला पाहिजे, हे त्याला उमगले होते. म्हणून त्या तारेच्या दोन्ही टोकांना गरज होती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात माँटिफिओर रुग्णालयातील डॉक्टर जोनाथन शूटर ह्यांनी एचआयव्हीबाधितांसाठी धूम्रपानमुक्तीचा जो कार्यक्रम रचला, त्याचा आरंभ माणसांच्या बैठकींनी झाला, आणि त्या बैठकी चालविण्यात वैद्यकीय व्यवसायातील व्यक्तीच्या जोडीला स्वतः एचआयव्हीबाधित असलेला आणि सिगारेट सोडलेला एक साथी असे. पुढे तोच कार्यक्रम संकेतस्थळावर आणि मग मोबाइल फोनवर नेण्यात आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणसांची बैठक भरली, मग तिचा आवाज यंत्रात शिरला.

तो आवाज यंत्रात शिरताना त्याचे काय होते, हा मात्र अधिक अवघड प्रश्न. आता फोनवर समुपदेशक असलाच पाहिजे असे राहिलेले नाही. अमेरिकेत रचलेल्या स्मार्ट-टी नावाच्या योजनेत फोन स्वतःच दिवसातून पाच वेळा मनुष्याची विचारपूस करतो, मन कसे आहे, तलफ किती आहे, आसपास कोणी ओढीत आहे का असे विचारून धोका अजमावतो, आणि त्याप्रमाणे निवडक मजकूर पाठवितो. नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे माजी सैनिकांसाठी योजलेल्या पद्धतीत धूम्रपान करणाऱ्याने दिवसातून दोनदा एका छोट्या यंत्रात श्वास सोडायचा, त्यातील कार्बन मोनॉक्साइडचे मोजमाप होत असतानाचे चलचित्र फोनवर टिपून पाठवायचे, आणि धूर न ओढल्याचे सिद्ध झाले की त्याला पैसे मिळायचे. पैशाने घेतलेल्या संयमाला संयम म्हणावे का असे विचारणाऱ्याला मी एवढेच म्हणेन की, आपली कित्येक व्रते फळाच्या आशेनेच धरली जातात, शास्त्राने त्यांना काम्य म्हटले तरी निषिद्ध म्हटलेले नाही, आणि सदाचाराची आवड पुष्कळदा सदाचाराची कृती करता करताच लागते. पैशापेक्षा मला काळजी वाटते ती पाळतीची. चित्रगुप्त प्रत्येकाच्या कृत्यांची नोंद ठेवतो ही कल्पना आपण सहन करतो, कारण ती वही धर्मराजाखेरीज कोणी उघडीत नाही असा आपला विश्वास असतो. फोनमधील वही कोण कोण उघडते? एचआयव्हीबाधित माणसाच्या बाबतीत हा प्रश्न जिवावरचा आहे. टेबलावर ठेवलेल्या फोनच्या पडद्यावर नको त्या क्षणी चार शब्द उमटले, आणि ते शेजारच्याने वाचले, तर नोकरी जाऊ शकते, राहती जागा जाऊ शकते, ठरलेले लग्न मोडू शकते. ज्या साधनाने ह्या माणसाला पत द्यायची त्यानेच त्याचे गुपित फोडले, तर त्या साधनाच्या बाकी सर्व गुणांचे मोल शून्य होते. यंत्राला विचारपूस करता येते, आठवण देता येते, मोजता येते. परंतु ज्याच्यापुढे मान खाली घातली तरी अपमान वाटत नाही असा साक्षीदार होणे त्याला साधत नाही, कारण क्षमा करण्यासाठी स्वतः कधी तरी दुर्बळ ठरलेले असावे लागते. यंत्राने ही वाट आखावी, पहारा द्यावा, तलफेची घटका टळेपर्यंत हाती काही तरी द्यावे. पण त्याच्या मागे कोठे तरी नावाने हाक मारणारा मनुष्य असलाच पाहिजे, असे माझे मत आहे.

आता त्या ओसरलेल्या फरकाकडे पुन्हा वळू. एचआयव्हीची औषधे बंद केली तर काही आठवड्यांत विषाणू रक्तात पुन्हा उसळतो. तेहतीस देशांतील ५,४७२ रुग्णांवर झालेल्या, आणि २००६ साली ज्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्या स्मार्ट नावाच्या मोठ्या प्रयोगात असे स्पष्ट दिसले की, औषधे मध्येमध्ये थांबविणाऱ्यांत मृत्यू आणि गंभीर आजार अधिक झाले. ह्यावरून कोणी म्हटले का की, औषध निकामी आहे, अथवा रुग्णाचे आरोग्य खरे नव्हते, ते गोळ्यांचे होते? तसे कोणी म्हटले नाही. निष्कर्ष असा निघाला की, औषध जन्मभर द्यावयास हवे, आणि सरकारांनी व संस्थांनी त्याची जन्मभराची तरतूद केली. मग त्याच माणसाला अकरा वेळा फोन करून तीन महिन्यांनी थांबावयाचे, आणि वर्षअखेर गुण ओसरला म्हणून उपायाला, किंवा त्याहून अनुदारपणे त्या माणसाच्या इच्छाशक्तीला, दोष द्यावयाचा, ह्यात कोणता न्याय? शरीराच्या परावलंबनाला आपण उपचार म्हणतो आणि मनाच्या परावलंबनाला दुबळेपणा म्हणतो; ह्या भेदाला मला कोणत्याही शास्त्रात आधार सापडत नाही.

आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची ही औषधे सरकारी रुग्णालयांतील एआरटी म्हणजे विषाणूरोधक उपचाराच्या केंद्रांतून विनामूल्य मिळू लागली, आणि प्रत्येक केंद्रावर समुपदेशक नेमण्याची पद्धत सुरुवातीपासून आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्याने एक मिस्ड कॉल दिला की त्याला फोनवर संदेश येऊ लागतात, अशी योजनाही भारत सरकारने २०१६ मध्ये सुरू केली. महाराष्ट्रात मात्र हे सारे सिगारेटपुरते ठेवून भागणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे येथील प्रौढांत धूम्रपान करणारे ६ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण गालात धरलेल्या तंबाखूला आणि पहाटे दातांना लावलेल्या मिश्रीला बंदीचा हुकूम पोहोचत नाही. केंद्रावरचा समुपदेशक मागच्या भेटीत दिलेल्या गोळ्यांपैकी किती उरल्या ते मोजून पाहतो, आणि त्यावरून चुकलेल्या दिवसांविषयी हळुवारपणे विचारतो. त्याच बैठकीत, त्याच स्वरात, तंबाखूची विचारपूस व्हावी, आणि दोन भेटींच्या मधल्या कठीण दिवसांत त्याच ओळखीच्या माणसाचा आवाज रुग्णाच्या फोनवर, पडद्यावर रोगाचे नाव न उमटता, येत राहावा. ह्यासाठी नवे शास्त्र शोधावे लागत नाही. समुपदेशकांची संख्या वाढवावी लागेल, त्यांच्या वेतनाची तरतूद गोळ्यांच्या तरतुदीइतकीच कायम करावी लागेल, आणि कागदपत्रांत जेथे ह्या फोनची मुदत तीन महिने अशी लिहिली जाईल तेथे ती खोडून उपचार चालू असेपर्यंत असे लिहावे लागेल.